नर्गिसच्या आईचं जर्मन

औरंगाबादच्या स्टेशनवर मला सोडायला तुम्ही अख्खी गल्ली आला होतात. गाडी सुटताना पप्पा म्हणाले, "एकटीच मोठी होऊ नकोस, बाळा." खरं सांगू? पीएचडीसाठी कोलोनला पोचले आणि सुटल्यासारखं वाटलं. सायकलवर ऱ्हाइनच्या काठाने भटकायचे. मी कुणाची कोण, हे विचारणारं कुणी नव्हतं.

जर्मनच्या वर्गात नर्गिस शेजारी बसायची. एकोणीस वर्षांची, तीन वर्षांपूर्वी काबूलहून आई-वडिलांबरोबर निघून आलेली. सिनेमे बघून शिकलेलं हिंदी माझ्याशी बोलायची. निर्वासितांच्या हाइममध्ये, म्हणजे वसतिगृहात, बारा अफगाण कुटुंबं होती. डॉक्टर असो की आम्टमधला, म्हणजे सरकारी कचेरीतला, साहेब, सगळ्यांच्या वतीने बोलायची हीच. अशात तिला बर्लिनमध्ये सुईणीच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. वडील म्हणाले, "तू गेलीस की आम्ही सगळे मुके."

मी पटकन म्हटलं, "जा तू. तुझं आयुष्य आहे."

"आणि त्यांचं?" तिने विचारलं.

पुढच्या रविवारपासून तिने हाइमच्या स्वयंपाकघरात बायकांना गोळा केलं. 'इथे दुखतंय', 'मला समजलं नाही', अशी वाक्यं घोकून घ्यायची. मी डॉक्टर व्हायचे. बायका हसून लोटपोट व्हायच्या, पण पुढच्या रविवारी पुन्हा हजर. सहा महिने हे चाललं.

मग तिच्या आईची तपासणी आली. नर्गिस मुद्दाम माझ्याजवळ बाहेरच बसली. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर भराभर बोलत होते. मध्येच ते थांबले, आणि परक्या पुरुषासमोर कधी तोंड न उघडणारी ती बाई स्पष्ट जर्मनमध्ये म्हणाली, "हळू बोला. मला समजून घ्यायचंय."

नर्गिसची नखं माझ्या हातात रुतली.

आई बाहेर आली, लेकीकडे बघून फारसीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"म्हणते, आता जा."

बर्लिनच्या गाडीत तिची बॅग वडिलांनीच चढवली.

आज नर्गिस तिथे बाळंतपणं करते. नव्याने आलेल्या बायकांना डॉक्टरकडे तिची आई नेते, आणि बोलतेही तीच. नर्गिस बर्लिनलाही घर म्हणते आणि आईच्या दोन खोल्यांनाही, जराही न अडखळता. मी अजून अडखळते. पण तुमच्यापासून सुटले होते असं आता मला वाटत नाही. तुम्ही मला पाठवलं होतं.