बाजेवरच्या तबकड्या

कारध्याच्या आमच्या घरात पुराचं पाणी शिरून ओसरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याच्या ग्रामोफोनच्या नऊ तबकड्या कपड्यांच्या साबणाने घासल्या आणि अंगणात बाजेवर कडक उन्हात वाळत घातल्या. शेजारी भिजलेलं धान, पलीकडे गोधड्या. माझ्या मते सगळ्यांना एकच औषध. तेव्हा मी तेवीस वर्षांची, मॅट्रिक पास, आणि त्या मॅट्रिकचा तोरा गावभर वाटून उरेल एवढा.

त्या तबकड्यांवर एकच माणूस वाजवायचा, सातासमुद्रापलीकडचा ट्रंपेटवाला. तुमसर रोडच्या एका रेल्वे गार्डाने निवृत्त होऊन जाताना त्या ह्यांना दिल्या होत्या. जॅझ म्हणतात त्याला. रविवारी जेवणं झाली की हे फोनो लावून डोळे मिटून बसत आणि मला म्हणत, जरा बस, ऐक. मी बसत नसे, भांडी आपटत असे. वरात कुठवर आली, नवरदेव घोड्यावर चढला का, असं दारातून विचारून शेजारणींना हसवत असे. मला ट्रंपेट म्हणजे लग्नातला बँडवाला, एवढीच अक्कल. वर राग हा, की माझा नवरा डोळे मिटतो ते एका पिपाणीवाल्यासाठी.

दुपारपर्यंत तबकड्या वाकून त्यांच्या परड्या झाल्या. आता खरं सांगते. पहिलीची कड उन्हाने वर वळायला लागली, तेव्हाच मी पाहिली होती. सावली दहा पावलांवर होती. मी धान उलथत राहिले.

हे आले. एक तबकडी उचलून तिची कड बोटाने दाबून पाहिली. फोनो बांधून माळ्यावर टाकला. मी मात्र पुढे चाळीसेक वर्षं हा किस्सा हळदीकुंकवाला रंगवून सांगितला. बायका पोट धरून हसत. हे तेवढ्यापुरते उठून नदीकडे जात.

गेल्या उन्हाळ्यात नातीने आजोबांकडून त्या ट्रंपेटवाल्याचं नाव काढून घेतलं आणि तोच माणूस माझ्या मोबाइलवर लावून दिला. तांदूळ निवडता निवडता ऐकला. फार सूर खर्च करत नाही तो. एक सोडतो, मग थांबतो. घरात भांडण झाल्यावर शहाणा माणूस पुढचा शब्द तोलतो ना, तसा. ते थांबणं मला ऐकू आलं आणि हात सुपातच राहिला. महिनाभर चोरून ऐकत होते. अक्कल आली, पण गुडघे गेल्यावर.

शेवटी एका रविवारी जेवणानंतर ह्यांच्या खाटेवर, ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बसले आणि मोबाइल मधे ठेवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मी म्हटलं, छान वाजवतो हो तुमचा माणूस. आणि पहिली तबकडी वाकताना मी पाहत बसले होते, तेही सांगून टाकलं.

त्यांनी मोबाइल उचलून हातात घेतला. मग म्हणाले, "मले मालूम होतं. तवा घडीभर अशी माह्याजवळ बसली असती, त साऱ्या वाकल्या असत्या तरी चाललं असतं."