हीटरच्या दोन नळ्या

माझा मोठा भाऊ बोलण्याआधी हात उगारायचा. हे त्याने वडिलांकडून घेतलं होतं. वडील रेडिएटरच्या फाटक्या होजने आम्हा दोघांना मारायचे, आणि दादा माझ्यापेक्षा जास्त मार खायचा, कारण तो रडत नसे. वडील गेले तेव्हा सौंसरचं गॅरेज त्याच्याकडे आलं आणि गॅरेजसोबत मीही. चाळिशी ओलांडली तरी मी गिऱ्हाइकांसमोर त्याची थापड खात होतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका संत्रा बागायतदाराने लष्कराच्या लिलावातला जुना पेट्रोल ट्रक आणला. त्याला जुन्या गाड्यांचा नाद होता. तो ट्रक कुठल्या तरी बर्फाच्या मुलखात चालला असावा, कारण केबिनमध्ये हीटर होता. इंजिनातलं गरम पाणी एका नळीने हीटरच्या जाळीत यायचं आणि दुसऱ्या नळीने पाण्याच्या पंपाकडे परत जायचं. जाळी सडली होती, उकळतं पाणी ड्रायव्हरच्या पायावर गळत होतं. आमच्याकडे हीटर कोणाला पाहिजे? ट्रकचा मालक म्हणाला, तेवढा काढून टाका, बाकी सगळं होतं तसंच राहू द्या.

हीटर काढला. मागे दोन उघडी तोंडं उरली, एक इंजिनाच्या हेडवर, म्हणजे वरच्या जाड झाकणावर, आणि एक पंपावर.

"दोन्ही बंद करून टाक," दादा म्हणाला.

मी तोवर पंप उघडून पाहिला होता. इंजिन थंड असतं तेव्हा थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो, आणि पाणी आतल्या आत फिरायला दुसरी छोटी वाट लागते. या इंजिनाला तशी वेगळी वाटच नव्हती. पाणी फिरायचं ते हीटरमधूनच. ती तोंडं बुजवली की पाणी हेडमध्ये कोंडून उकळणार आणि थर्मोस्टॅटला ते वेळेवर कळणारही नाही.

"दादा, बंद नको करू. एक होज टाकून दोन्ही तोंडं एकमेकाले जोडून देऊ. पाणी फिरत राहीन."

"तू मले शिकवून राहिला का बे?"

"शिकवून नाही राहिलो. हे बंद केलं तर हेड..."

हेडच्या पुढे मला बोलता आलं नाही. त्याच्या मुठीत पाना होता आणि ती मूठ माझ्या तोंडावर बसली. ओठ फाटला, खालचा एक दात हलला. मी टायरच्या ढिगावर पडलो, तर त्याने वरून कमरेत लाथ घातली. मालक समोरच खुर्चीत बसला होता. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि मोबाइलमध्ये पाहू लागला.

दादाने होजचे दोन बोटभर तुकडे कापले, प्रत्येकात एक बोल्ट ठोकला, तुकडे त्या तोंडांवर चढवून क्लिपा आवळल्या. मग मला म्हणाला, "चल. पांढुर्ण्याच्या रस्त्यानं ट्रायल मारून येऊ."

भर दुपार होती. दादा चालवत होता, मी बाजूला ओठाला दुपट्टा लावून बसलो होतो. चार-पाच किलोमीटर गाडी छान चालली. दादाने बोटाने तापमानाच्या काट्यावर टिचकी मारली. काटा जागचा हलला नव्हता. "पाह्य," तो म्हणाला. "गरम झाली का?"

काट्याची तार थर्मोस्टॅटच्या पुढे, रेडिएटरच्या बाजूला होती. तिथवर गरम पाणी पोचतच नव्हतं, तर काटा काय हलणार?

चढावर इंजिन ठोके देऊ लागलं. तापलेल्या रंगाचा वास आला. दादाने एका संत्र्याच्या बागेजवळ गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडलं. त्याने रेडिएटरला हात लावला. रेडिएटर थंड होता. हेडवरच्या तुकड्यातून मात्र थेंब-थेंब पाणी गळत होतं.

"क्लिप ढिल्ली झाली," तो म्हणाला. पेचकस घेऊन तो वाकला. त्याचं तोंड त्या तुकड्यापासून वीतभर लांब होतं.

रेडिएटर थंड का आहे, हे मला माहीत होतं. सगळी आग हेडमध्ये कोंडली होती. वाफ अडवायला घेतलेलं ओलं पोतं माझ्या हातात होतं. "दादा, बाजूले सर" एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी त्याच्या मानेकडे पाहत राहिलो आणि जिभेने हलणारा दात चाचपत राहिलो.

बंदुकीसारखा आवाज झाला. बोल्ट बॉनेटवर आदळला आणि उकळतं पाणी, वाफ, गंज, सगळं त्याच्या तोंडावर गेलं. तो किंचाळला नाही. नुसता गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड ओरबाडू लागला. गालाची कातडी बोटांना चिकटून आली. तेव्हा कुठे माझे पाय हलले. मी त्याचे हात धरले, पाण्याची कॅन त्याच्यावर ओतली, रस्त्यात आडवा उभा राहून एक पिकअप थांबवली. पांढुर्ण्याच्या दवाखान्यातून त्यांनी नागपूरला पाठवलं.

पाचव्या दिवशी तो बोलला. तोंडावर पट्ट्या होत्या, डावा डोळा तेवढा उघडा होता.

"तुले मालूम होतं."

"हाव."

त्याने सलाईनच्या हातानेच मला मारलं. सुई निघाली, चादरीवर रक्त उडालं. सिस्टर धावत आली. मी तसाच उभा राहिलो. त्या माराला मी पात्र होतो असं वाटलं, आणि वाटून बरंही वाटलं नाही.

वहिनीला मी घरी येऊन सगळं सांगितलं. तिची मनगटं मी वीस वर्षांपासून पाहत होतो. कधी निळी, कधी पिवळी. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मी असती तं मीबी आवाज नसता देला." आणि डबा भरून नागपूरची बस पकडायला निघाली.

ट्रकचं काम मी एकट्याने पुरं केलं. हेड उतरवून तडा गेला का पाहिलं, वाचलं होतं. एक वळणदार होज घेऊन दोन्ही तोंडं जोडली. गाडी पांढुर्ण्याला जाऊन आली, काटा मधोमध राहिला. मालकाने माझी पाठ थोपटली. मला त्याचा हात झटकून टाकावासा वाटला.

दादाचा उजवा डोळा गेला. मला तो आता मारत नाही. आता सगळं वहिनीवर निघतं. मागच्या महिन्यात भाजी खारट झाली म्हणून त्याने ताट फेकलं आणि हात उचलला. मी मधे गेलो, त्याचं मनगट धरलं आणि पिळलं. तो खाली बसला तरी पिळत राहिलो. आत हाड सरकताना जाणवलं. तो लहान पोरासारखा कण्हत होता आणि मला ते आवडत होतं. इतकं की सोडावंसंच वाटेना.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "सोडा आता."

मी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, आणि ती मला भिऊन राहिली होती.