तुमची ओळख कुठे आहे?

पेणमध्ये आम्ही चार-पाच रिकामटेकडी माणसं मिळून सिनेमे दाखवतो. थिएटरात न लागणारे, म्हणजे ज्यांत नाच नाही, मारामारी नाही आणि बऱ्याचदा शेवटही नाही, असे. मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले तेव्हा नवऱ्याला वाटलं होतं, आता ही घरात शांत बसेल. मी घरात प्रोजेक्टर आणला. आमचा प्रेक्षक ठरलेला, आठ-नऊ डोकी. त्यातले दोघे खुर्चीत टेकताक्षणी घोरायला लागतात. चर्चेच्या वेळी त्यांना हलवून उठवावं लागतं आणि मग चर्चेत तेच दोघे सगळ्यात जास्त बोलतात.

गेल्या वर्षी आम्हाला वाटलं, रोह्यातही एक खेळ करावा. पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक यायला तयार झाला. त्याचा अर्ध्या तासाचा लघुपट होता, ओळख या विषयावर. आपण कुठले, आपली मुळं कुठली, आपण नक्की कुणाचे, असं सगळं. लघुपटानंतर चर्चा, आणि चर्चेनंतर एक लांबलचक पांढरं कापड पसरायचं, त्यावर प्रत्येकाने रंगाने आपली ओळख उमटवायची. हे कापड पुढे पुण्याच्या प्रदर्शनात लागणार होतं.

भित्तिपत्रक मी लिहिलं. शब्दांच्या बाबतीत मी कुणाला मध्ये बोलू देत नाही. ठळक अक्षरांत लिहिलं, ‘तुमची ओळख कुठे आहे? या, मिळून शोधू.’ खाली बारीक अक्षरांत लघुपट, चर्चा, प्रवेश मोफत वगैरे. वाचून मी स्वतःवरच खूश झाले. रोहा स्टेशनवर लावलं, एसटी स्टँडवर लावलं, आणि कला कामगारांपर्यंतही पोचली पाहिजे असं कुणीतरी म्हणालं म्हणून धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर, जिथे शिफ्टच्या बसगाड्या थांबतात, तिथे चांगली चार लावली.

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलवर पोचलो तर बाहेर चपलांचा ढीग. मला वाटलं, आपण चुकून कुणाच्या साखरपुड्यात शिरतोय. पण नाही, सगळे आमच्याचकडे आलेले. इस्त्रीचे शर्ट घातलेली मुलं, वेणी घट्ट घातलेल्या मुली, त्यांच्या आया, एक-दोन काका. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. मला वाटलं, टिपणं काढायला आणलंय. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. नवऱ्याला फोन केला, ‘रोह्यात माणसं उभी आहेत, बसायला जागा नाही.’ तो म्हणाला, ‘नीट बघ, दुसरा कसला तरी कार्यक्रम असेल.’ मी फोन ठेवून दिला.

लघुपट सुरू झाला. पडद्यावर आमचा दिग्दर्शक खाडीच्या बांधावरून चालत होता. कॅमेरा त्याच्या पायांवर, आणि मागून त्याचाच आवाज, ‘मी कुठला?’ बराच वेळ पाय. पुन्हा, ‘मी कुठला?’ मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, ‘आवाजावरनं पुन्याचा वाटतो.’ शेजारचे म्हणाले, ‘चप्पल पन तिकडचीच हाय.’ बाकी हॉल गप्प होता. सगळे देवळात बसल्यासारखे ताठ बसून होते. पेणला असं कधी होत नाही.

दिवे लागले. दिग्दर्शकाने माईक घेतला आणि विचारलं, ‘तुमच्यासाठी ओळख म्हणजे काय?’

पहिल्या रांगेतला एक मुलगा लगेच उठला. ‘सर, आत कोनतरी पायजे.’

दिग्दर्शक हललाच. ‘आत! म्हणजे स्वतःच्या आत?’

‘आतच. बाहेरच्याला कोन इचारतो?’

दिग्दर्शकाने हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मग खांब गावची एक बाई उठली, चाळिशीतली. तिने शेजारच्या मुलीला दंडाला धरून उभं केलं. ‘माझ्या पोरीला वळख नाय, साहेब. शिकली, पन वळख नाय.’

हॉलमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. दिग्दर्शकाचा आवाज जड झाला. ‘आणि ताई, तुम्हाला स्वतःला?’

‘मला कुठची? मी शेतावर जाते.’

‘पण ती आपण स्वतःच निर्माण करावी, असं कधी वाटलं नाही?’

‘केली होती ना. रसायनीचा एक साहेब होता. त्याची बदली झाली.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धाटावच्या आसपास ज्याने कधी नोकरी शोधलेली नाही, त्याला सांगायला हवं, की तिकडे ओळख या शब्दाचा अर्थ एकच. कंपनीत आत बसलेला माणूस, जो आपल्यासाठी शब्द टाकू शकतो. असा माणूस असला तर ओळख आहे, नसला तर नाही. आणि मी तिथल्या नाक्यावर ठळक अक्षरांत लिहून आले होते, तुमची ओळख कुठे आहे, या, मिळून शोधू. आयुष्य पुस्तकांत काढलेल्या बाईने.

माईक घेऊन सांगायला हवं होतं. पण तोवर कापड पसरलं होतं आणि लोक रंगांवर तुटून पडले होते. दिग्दर्शकाची अपेक्षा होती हाताचे ठसे, झाडं, नदी, फार तर कुलदैवत. कापडावर उमटत होतं नाव, शिक्षण, मोबाईल नंबर. ‘आयटीआय फिटर, कुठलीही शिफ्ट चालेल.’ ‘बी.कॉम., टॅली येतं.’ एकाने निळ्या रंगात ‘स्वतःची बाईक आहे’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

ती खांबची बाई मला कोपऱ्यात घेऊन गेली. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्री झाली होती. धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेसाठी दोन दिवसांनी लेखी परीक्षा होती, गेटवर नोटीस लागली होती. पण घरात महाडकडचं एक स्थळ येऊन बसलं होतं. बाप म्हणाला होता, भाताची झोडणी होईपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मुलगी महाडला.

‘मग परीक्षेला बसेल ना ती,’ मी म्हटलं.

‘वळखीशिवाय बसून काय व्हनार, मॅडम? उगाच एक दिवस जायचा.’

मुलगी एवढंच म्हणाली, ‘मला बसायचं हाय.’

मला त्या बाईचा राग आला, माझा आला, भित्तिपत्रकाचा तर आलाच आला. मी जरा ओरडूनच म्हटलं, ‘ताई, तिला परीक्षेला पाठवा. पुढचं बघू.’

आता, आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. नवरा चाळीस वर्षं मला बघू म्हणतोय. पण ओळख शोधायला आलेल्या माणसाला कुणी ‘बघू’ म्हटलं की त्याचा अर्थ होतो, काम झालं. त्या बाईने माझे दोन्ही हात धरले आणि एक शब्द न बोलता मुलीला घेऊन गेली. मला वाटलं, माझं बोलणं तिला पटलं.

परतताना गाडीत मी दिग्दर्शकाला सगळं सांगून टाकलं. वडखळ आलं तेव्हा तो म्हणाला, ‘कापड मी नेणार.’ नेलं. प्रदर्शनात लोक त्या कापडासमोर बराच वेळ उभे राहिले म्हणे. ‘कुठलीही शिफ्ट चालेल’ या ओळीपुढे एका बाईंना रडू आलं. फिटरला मात्र एकाचाही फोन आला नाही.

झोडणी चालू असतानाच मायलेकी पेणला माझ्या दारात हजर. मुलीला नोकरी लागली होती. आईच्या डोक्यावर पिशवी, पिशवीत घरचे कडवे वाल, चांगले पायलीभर. मी हरखले. वालाचं बिरडं हा माझा जीव की प्राण. पिशवी मी कधी हातात घेतली ते मलाच कळलं नाही.

‘तुमच्यामुलं झालं, मॅडम,’ आई म्हणाली.

‘माझ्यामुळे? मी काहीच केलं नाही हो.’

तिने एक डोळा बारीक केला. ‘कलतंय मला. अशा गोष्टी उघड बोलायच्या नसतात.’

मुलगी दाराशी उभी होती, पेढ्यांचा डबा घट्ट धरून. ‘आई, पेपर मी लिवला.’

‘लिवलास गो. पन तपासला कोनी?’

मुलीचा चेहरा उतरला. घरापासून इथवर हेच चाललं असणार. ती पुढे आली आणि माझ्या हातातली पिशवी तिने सरळ काढून घेतली. ‘मॅडम, खरं सांगा हिला. नायतर वाल परत नेते.’

बिरडं डोळ्यांसमोरून गेलं. पण सांगावं लागलं. त्या कंपनीत मी कुणालाही ओळखत नाही, मी आयुष्यात त्या गेटच्या आत गेलेले नाही, मी नुसते सिनेमे दाखवते.

आईला ते खरं वाटेना. ‘साहेब कोनी नाय वळखीचा?’

‘नाही.’

‘वॉचमन तरी?’

‘तोही नाही.’

‘मग हिला घेतली कशी?’

‘मार्क होते,’ मुलगी म्हणाली. ‘यादीत पयला नंबर होता माझा. तुला दाखवला तर तू म्हनालीस, मॅडमनी नाव टाकलंन.’

आई मटकन खुर्चीत बसली. मुलीकडे बघत राहिली, जणू पहिल्यांदाच बघत होती. मी पाणी आणलं, तिने घेतलं नाही.

‘मग मी ज्यांच्या ज्यांच्या पाया पडले,’ ती म्हणाली, ‘ते कशाला गो?’

मुलीने पिशवी टेबलावर ठेवली आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसली. मी पिशवी उचलून आत गेले आणि वाल निवडायला घेतले.