खुशनजर जिवंत होता

आमच्या बारतांग खोऱ्यातला अलिफबेक पामीरच्या रस्त्यावर परदेशी पाहुण्यांची जीप चालवतो. हात पक्का आहे त्याचा. खिंडीत बर्फ असो की वरून दगड येत असोत, गाडीतल्या माणसांना तो गप्पांत असा गुंतवतो की खालच्या दरीकडे कुणाचं लक्षच जात नाही. त्या गप्पांत एक गोष्ट त्याच्या बापाची होती. बाप मोठ्या हिमनदीवर शास्त्रज्ञांना वाट दाखवायचा, एका वादळात दुसऱ्याला वाचवताना बर्फाच्या भेगेत पडला आणि पुन्हा सापडला नाही. सांगताना तो जीपचा वेग कमी करायचा. पाहुणे डोळे पुसायचे.

त्याचा बाप खुशनजर माझा शेजारी. रशियनांच्या काळात तो हिमनदीवरच्या हवामान केंद्रात होता हे खरं, पण स्वयंपाकी म्हणून. तिथून धडधाकट परत आला, बटाटे लावले, जर्दाळू वाळवले, पोरं वाढवली. आपण मेलोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

एका उन्हाळ्यात हमरस्त्यावर दरड कोसळली. अलिफबेकच्या गाडीत एक म्हातारं चेक जोडपं होतं. खिंडीपलीकडचं काराकुल गाठायचं तर आता आमच्याच खोऱ्यातून वर चढावं लागणार होतं. गाव आलं तसा त्याने वेग वाढवला. मी कुंपणापाशी उभा होतो, हात केला. त्याने पाहिलं आणि मान फिरवली. स्वतःच्या घरावरून पोरगा धुरळा उडवत निघून गेला.

गावाच्या वर एक ओढा आहे. दुपार कलली की हिमनदीचं पाणी त्यात चढत जातं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. सकाळपर्यंत थांबायला हवं होतं. पण थांबायचं म्हणजे घरी थांबणं आलं. तो तसाच पाण्यात घुसला आणि जीप मधोमध रुतली. वरच्या मेंढपाळाने येऊन सांगितलं तसा मी ट्रॅक्टर काढला. खुशनजर मागे चढून बसला, फडक्यात रोट्या बांधून.

"तुम्ही कशाला येताय, काका? थंड पाणी आहे," मी म्हटलं.

"पोरगं उपाशी असेल. तू हाक गाडी."

आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे काठावरच्या दगडावर बसले होते आणि अलिफबेक मांडीभर पाण्यात उभा होता. बापाला पाहून तो धावत आला. गळ्यात पडायला नव्हे. आमच्या भाषेत, खाली बघत, घाईघाईने म्हणाला, "बाबा, ह्यांच्यासमोर मला मुलगा म्हणू नका. नंतर सांगतो."

म्हाताऱ्याने रोट्यांचं फडकं काखेत घट्ट धरलं. "बरं," म्हणाला.

आम्ही दोर बांधत होतो तेवढ्यात ती चेक बाई, यित्का, खुशनजरजवळ आली. अख्ख्या प्रवासात ती इंग्रजीच बोलली होती. आता ती स्वच्छ रशियनमध्ये बोलू लागली. रशियनांच्या काळात ते तिच्याकडेही शाळेत शिकवायचे, आमच्याकडेही. अलिफबेकच्या हातातला दोर सुटला.

"तुम्ही इथलेच ना? मग आमच्या ड्रायव्हरच्या वडिलांना ओळखत असाल. हिमनदीवर गेले ते."

खुशनजरने मुलाकडे पाहिलं. मुलगा पाण्याकडे बघत होता.

"ओळखतो," म्हातारा म्हणाला. "स्वयंपाकी होता."

"वाटाड्या होते ना?"

"रोट्याही करायचा."

"पोराच्या मनातून ते जात नाहीत हो. काल बोलता बोलता रडला. त्यांची कबर आहे का कुठे? वाटेत थांबून फुलं वाहिली असती."

"नाही बाई," खुशनजर म्हणाला. "अजून तरी नाही."

मग त्याने फडकं सोडलं आणि सगळ्यांना रोटी वाटली. मुलालाही दिली, परक्याला द्यावी तशी, दोन्ही हातांनी, "घ्या" म्हणून.

ट्रॅक्टरने ओढून काढल्यावर जीप पुढे निघाली. खिंडीच्या माथ्यावर अलिफबेकने गाडी थांबवली. खरं सांगून टाकायचं म्हणून तो मागे वळला आणि पुन्हा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. यित्काबाईला वाटलं, पोराला बापाची आठवण आली. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हे त्यानेच मला सांगितलं. म्हणाला, "तिने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं."

काराकुलला पाहुण्यांना दुसऱ्या गाडीत बसवून तो उलट्या पावली घरी आला. खुशनजर बटाट्याला पाणी देत होता. मी बांधापलीकडे होतो.

"या," म्हातारा म्हणाला. "मयताला आलात?"

अलिफबेक चिखलात गुडघे टेकून बसला. "बाबा, मारा मला."

"स्वयंपाकी म्हणून सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"कुणी ऐकलं नसतं."

"वादळातून आत आलेली माणसं आधी माझ्या चुलीपाशी यायची. पण असू दे. तुझी गोष्ट चांगली होती." त्याने फावड्याने पाटाचं तोंड बंद केलं. "मला मारलंस ह्याचं काही नाही रे. गोष्टीत माणसं मरतातच. मी समोर उभा होतो आणि तू म्हणालास, मुलगा म्हणू नका. ते लागलं."

अलिफबेकने पुढे बरंच केलं. ती गोष्ट टाकून दिली. यित्काबाईला खरं कळवलं, उत्तर आलं नाही. आता आमच्या खोऱ्यातून जाताना तो पाहुण्यांना घरी नेतो, मीठ-लोणी घातलेला दुधाचा शीरचाय पाजतो. खुशनजर दारात येऊन उभा राहतो आणि आमच्या भाषेत हळूच विचारतो, "आज मी कोण?"

थट्टेनेच विचारतो. पाहुण्यांना काही कळत नाही. अलिफबेक मात्र कानापर्यंत लाल होतो आणि मोठ्याने सांगतो, "हे माझे बाबा." मग पाहुण्यांचं चहापाणी आटपेपर्यंत तो बाहेर जीपची काच पुसत बसतो.