माईंचा तांब्या

गुरुजींच्या घरी मी गंगेचं पाणी भरायचो. पाण्याबरोबर किस्सेही साठत गेले. मला लिहिता येत नाही. मी बोलतो, नात लिहून घेते. मधेच हसते आणि ओळ चुकते. चालायचंच!

गुरुजी काशीतल्या मराठी शास्त्र्यांच्या घरातले, पण ख्रिस्ती झालेले. अहिल्याबाई घाटामागे राहायचे. लेकीला, शांताला, जुनी संस्कृत काव्यं घरीच शिकवायचे. गोष्ट कुठलीही असो, शेवटी प्रश्न ठरलेला, "ख्रिस्तानं इथे काय केलं असतं?"

त्यांची आई, माई, शिंदे घाटावर थोरल्या लेकाकडे. "बाटलेल्याच्या घरचं पाणी पिणार नाही," म्हणाल्या त्या म्हणाल्याच! तरी गुरुजी रोज सकाळी सांगायचे, "भिकोबा, ओट्यावर आईचा तांब्या भरून ठेव." संध्याकाळी ते पाणी मी जाईला घालायचो. जाई काय फोफावली होती!

*

माईंचा एक शिरस्ता मात्र त्या घरात टिकून होता. अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत उठायचं नाही.

एकदा शांताची आई, आमच्या बाईसाहेब, चुलीवर भात ठेवून ऐकायला बसल्या. वास सुटला.

"अहो, भात!"

"दोनच श्लोक राहिलेत."

काव्यातलं नगर जळालं आणि आमचा भातही! जेवताना शांतानं वडिलांना विचारलं, "दादा, ख्रिस्तानं इथे काय केलं असतं?"

बाईसाहेबच म्हणाल्या, "मुकाट्यानं खाल्लं असतं!"

*

एके दिवशी धडा होता, हिसकावणाऱ्यालाही प्रेमानं आणखी द्यावं. तेवढ्यात माकडानं गुरुजींचा चष्माच पळवला आणि कडुनिंबावर जाऊन बसलं.

शांता म्हणाली, "दादा, आता चष्म्याची डबीपण द्यायची ना?"

गुरुजींनी खरंच डबी वर धरली. माकड उतरलं, डबी घेतली आणि चष्मा टाकून पळालं!

"पाहिलंस? शिकवण खरी ठरली!"

"आणि डबी?" आतून बाईसाहेबांचा आवाज.

*

गोरे पाद्रीसाहेब एकदा तपासायला आले. ख्रिस्ती घरात ही असली पुस्तकं कशाला? गुरुजींनी वाद घातला नाही. लेक सासरी निघते आणि म्हातारा बाप झाडांनाही तिला निरोप द्यायला सांगतो, ती जागा वाचली, हिंदीत अर्थ सांगितला.

साहेबांनी रुमाल काढून डोळे टिपले. तरी म्हणालेच, "पंडितजी, इसमें हमारा प्रभु किधर है?"

शांता म्हणाली, "साहब, आपके रुमाल में!"

साहेब हसले आणि चहा घेऊन गेले.

*

मग एके सकाळी माई स्वतः आल्या. थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "तू मांडवात येऊ नकोस," एवढंच सांगायचं होतं. ओट्याच्या पायरीशी उभ्या राहिल्या. आत अध्याय नुकताच सुरू झालेला.

आता बोलणार कशा? अध्याय मोडणार कशा? माई पायरीवर टेकल्या.

गुरुजींनी त्यांना पाहिलं. पण वाचन थांबवलं नाही. पानं उलटत राहिली. ऊन पायरीवर आलं. शांता कुजबुजली, "दादा, हा अध्याय तर मघाशीच संपला..."

"गप. ऐक."

माई डोळे मिटून ऐकत होत्या. ती सगळी काव्यं त्यांना तोंडपाठ, हे घाटावर कोणाला ठाऊक नव्हतं? बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळल्या.

"भिकोबा, तो तांब्या दे इकडे. हा काही आज अध्याय संपवत नाही!"