दीड लिटरचं इंजिन

कमलाकांत चुरी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे आठ तास पाण्याच्या काचेकडे आणि दाबाच्या काट्याकडे बघत बसायचा आणि दर तासाला वहीत आकडे लिहायचा. त्याचं सरकारी सर्टिफिकेट बेटेगावच्या घरात गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलेलं होतं. ते त्याने इतकं माप लावून सरळ टांगलं होतं, की येणाऱ्याजाणाऱ्याला गणपतीच वाकडा वाटायचा.

एडवणला राहणाऱ्या त्याच्या वडिलांना मात्र त्या सर्टिफिकेटचं काडीचं कौतुक नव्हतं. बळवंत चुरींनी रस्तेखात्यात एकतीस वर्षं वाफेचं इंजिन चालवलं होतं. मागे पुरुषभर उंचीची लोखंडी चाकं, पुढे धुराडं आणि पाठीमागे खडीचे गाडे. त्या इंजिनाने तालुक्यातले निम्मे रस्ते केले, असं ते सांगत, आणि उरलेले निम्मे वाईट आहेत, हेही सांगत. पुढे डिझेल आलं, इंजिन भंगारात गेलं आणि बळवंत पेन्शनीत. मोतीबिंदूने डोळे गेले, तरी ऑपरेशनला त्यांनी नकार दिला. बघण्यासारखं आता काय उरलंय, असं त्यांचं म्हणणं. कान मात्र अजून तिखट होते.

"तू नुसती वाफ करतो," ते मुलाला म्हणायचे. "ती पायपातून जाते. पुढं तिचं काय होते, तुला ठावं हाय? चूल पेटवायला आमच्या मैनाबाईला बी येते."

मैनाबाई म्हणजे त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई. कमलाकांतला हे फार लागायचं, कारण ते खरंच होतं. त्याची वाफ भिंतीपलीकडे रंगखात्यात जायची आणि तिथे तिने काय दिवे लावले, ते त्याला कधी दिसायचं नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, त्याने ठरवलं, की बाबांचं इंजिन घरी बांधायचं. फुटाला दीड इंच या मापाने. एडवणच्या अंगणात ते चालवायचं आणि बाबांच्या तोंडून एकदा ऐकायचं, की पोराला इंजिन चालवता येतं. एवढी एकच हाव त्या माणसाने उभ्या जन्मात धरली, आणि तिच्यापायी घरादाराचे अकरा वर्षांचे रविवार गेले.

सुरुवात बायकोच्या बंबापासून झाली. चंद्रकांताला माहेरहून आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब मिळाला होता, जाड पत्र्याचा. कमलाकांत तो टिचक्या मारून ऐकायला लागला, तेव्हाच ती काय ते समजली. पुढच्या रविवारी बंबाचा बॉयलर व्हायला लागला आणि घरातली माणसं ॲल्युमिनियमच्या पातेल्यातल्या पाण्याने आंघोळ करू लागली. "माझ्या आईने दिलेल्या बंबात निदान पाणी तरी तापायचं," एवढंच ती म्हणाली. पण ते ती दर हिवाळ्यात म्हणाली.

चाकं आणि सिलिंडर बोईसर स्टेशनजवळच्या रामकिसनच्या लेथवर झाले. रामकिसन भला माणूस होता, पण कमलाकांतने सातव्यांदा पिस्टन परत आणला तेव्हा तोही हात जोडून म्हणाला, "कमलाभाई, इतने में तो मैं असली इंजन बना देता."

पंचाऐंशी साली इंजिन पुरं झालं. दुसऱ्या कुणीही त्याच दिवशी पेटवलं असतं. पण कमलाकांत सर्टिफिकेटवाला माणूस. तपासणी झाल्याशिवाय बॉयलरखाली काडी लावायची नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. कारखान्यात वर्षाच्या तपासणीला बॉयलर इन्स्पेक्टर आले, तेव्हा त्याने टॉवेलात गुंडाळलेलं इंजिन त्यांच्यापुढे ठेवलं. साहेबांनी ते प्रेमाने न्याहाळलं, चाक फिरवून पाहिलं आणि सांगितलं, की कायदा पाच गॅलनच्या पुढे सुरू होतो. यात मावतं दीड लिटर. कायद्याच्या दृष्टीने हा बॉयलरच नाही, खुशाल पेटवा.

झालं! जो बॉयलरच नाही तो पास कसा व्हायचा? शेवटी कमलाकांतने स्वतःच इन्स्पेक्टर व्हायचं ठरवलं. एका रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, भिंग घेऊन ओटीवर बसायचा आणि दुसऱ्या रविवारी बनियनवर दुरुस्तीला. इन्स्पेक्टर भलताच कडक निघाला. एका जोडावर केसाएवढी चीर सापडली म्हणून त्याने बॉयलर नापास केला. मग सेफ्टी व्हॉल्व्ह किंचित उशिरा उघडतो म्हणून. मग काहीच सापडलं नाही, तेव्हा संशयावरून. पाच वर्षं हे चाललं. एडवणला गेला की बाबा विचारायचे, "झाला काय रे तुजा कारखाना?" आणि हा म्हणायचा, "थोडं उरलंय."

नव्वदच्या श्रावणात बळवंतांना न्यूमोनिया झाला. जीव वाचला, पण माणूस निम्मा झाला; अंगणात यायलाही दोन माणसं लागू लागली. एडवणहून परतल्यावर चंद्रकांताने इस्त्रीचा शर्ट कपाटात ठेवून कुलूप लावलं. "तुमच्या इन्स्पेक्टरसाहेबांना सांगा," ती म्हणाली, "मामंजी काही त्यांच्या शेऱ्यासाठी थांबायचे नाहीत. दसऱ्याला इंजिन एडवणला गेलं पाहिजे. नाहीतर मी त्याचा परत बंब करून घेईन."

दसऱ्याच्या सकाळी इंजिन गोधडीत गुंडाळून टेम्पोने एडवणला आलं. शेजारपाजार जमला. बळवंत आंघोळ करून, नोकरीतला खाकी कोट घालून बाकावर बसले होते. कमलाकांतने उकळून गाळलेलं पाणी काचेच्या निम्म्यापर्यंत भरलं, केसभर कमी नाही की जास्त नाही. बाकापुढे ठेवलेल्या इंजिनाला झेंडूचा हार घातला. तो बूच बसवणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. नारळ आण."

त्यांनी बाकाच्या कडेवर स्वतःच नारळ फोडला आणि पाणी वाटीत धरलं. मग बोटांनी चाचपत बॉयलरचं तोंड शोधलं. "एकतीस वर्सं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दर दसऱ्याला आमी पयला नारळ इंजिनाला पाजला. एक दिवस दगा दिला नाय त्यानं." आणि त्यांनी वाटीभर पाणी बॉयलरमध्ये ओतलं.

शेकडो लिटरच्या बॉयलरला वाटीभर नारळपाणी काय कळणार? दीड लिटरच्या बॉयलरला ते पुरतं कळतं. गोड पाणी उकळलं की फेस धरतं. फेस चढून वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरतो, आणि पाणी काही वाफेसारखं दबत नाही. ते पिस्टनचा दांडा वाकवूनच थांबतं. कमलाकांतला हे सगळं पाठ होतं. बॉयलर रिकामा करून पुन्हा भरायला दहा मिनिटं पुरली असती. त्यासाठी फक्त म्हणायला हवं होतं, की बाबा, तुमचं चुकलं. तो ओठांवर आलेलं ते वाक्य घेऊन उभा राहिला. बाबांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की त्याला भडभडून आलं. त्याने बूच घट्ट केलं आणि काडी लावली.

काटा चढला. काचेत पाण्याऐवजी फेस नाचू लागला, तिकडे त्याने बघितलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने बॉयलर चालू असताना पाण्याच्या काचेकडे बघितलं नाही. त्याने वाफेची चावी उघडली. इंजिन शहारलं, धुराड्यातून पांढरी पिचकारी उडाली, चाकं फिरली. हात, दोन हात, तुळशीवृंदावनापर्यंत ते खोकत खोकत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग खाडकन आवाज झाला, दांडा वाकला आणि चाकं थांबली.

बळवंत मान तिरकी करून ऐकत होते.

"पानी ओढलंन त्यानं," ते म्हणाले. "सिलिंडरात पानी गेलं. कमलाकांता, पानी जास्ती भरलास तू."

चंद्रकांताचं तोंड उघडलं. तिला अकरा वर्षांत बॉयलरची सगळी विद्या फुकट मिळाली होती. कमलाकांतने तिच्याकडे बघून मान हलवली, तशी तिने ते मिटलं.

"हो बाबा," तो म्हणाला. "जास्तच भरलं."

"मंग! सर्टिफिकेट भिंतीवर लावून पानी भरता येते काय?" बळवंतांचा आवाज एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. "हितं बस माज्याजवळ. हात दे इकडं. पानी काचेवर बघायचं नसते, कानानं ऐकायचं असते. आता मी सांगतो तसं ऐक."

कमलाकांत बाकावर बसला. पन्नाशीला आलेल्या, एकोणीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या त्या माणसाने हात बाबांच्या हातात दिला आणि बॉयलरमध्ये पाणी किती भरावं, ते जेवणं होईपर्यंत शिकून घेतलं.