माझी कोणतीही तक्रार राहणार नाही

आमच्या कार्यालयात पदोन्नती नाकारायची एक ठरलेली पद्धत होती. यादी लागली की बायका आधी आपलं नाव बघायच्या आणि मग गावाचं. गाव पुण्याबाहेरचं निघालं की आस्थापना शाखेत जायचं, तिथल्या बड्या बाबूंकडून एक जुनं पत्र मागून घ्यायचं, ते कोऱ्या कागदावर उतरवायचं आणि सही करून द्यायचं. पुरुषही नाकारत, पण ते आधी गाव बदलून मिळतंय का ते बघत. आम्ही सरळ नाकारायचो. दुपारच्या चहापर्यंत काम उरकलेलं असायचं.

ते जुनं पत्र माझं होतं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात शिकले. वडील एसटीच्या डेपोत गाड्या धुवायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, गाडीची पाटी ते अक्षरांच्या आकारावरून ओळखायचे. घरात पदवी मिळवलेली मी पहिली. शाळेतल्या मराठीच्या बाई रविवारी मला घरी बोलावून अर्ज, पत्रं, निबंध लिहून घ्यायच्या. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावायच्या आणि मग पोहे द्यायच्या. नोकरीची परीक्षा मी पास झाले ती त्या बाईंमुळे, हे मी आजही कुणालाही सांगते.

पुण्यात लिपिक म्हणून लागले तेव्हा वडील मुद्दाम कार्यालय बघायला आले. माझी खुर्ची त्यांनी हाताने दाबून पाहिली, वरचा पंखा पाहिला आणि म्हणाले, “बसून काम आहे. आता देवाकडं काही मागू नको.” मी ते फार मनावर घेतलं.

लग्नानंतर कात्रजला राहायला आले. मुलगी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी पहिल्यांदा यादीत माझं नाव आलं. पद सुनावण्या घेणाऱ्या अधिकाऱ्याचं, गाव भोर. घराजवळच्या थांब्यावरून थेट एसटी मिळायची, दीड तासाचा रस्ता. यादी अकरा वाजता लागली आणि तीनच्या आत मी पत्र लिहून दिलं. बाईंनी शिकवलेलं सगळं त्यात उतरलं होतं. ‘माझ्या कौटुंबिक अडचणींमुळे मी सदर पदोन्नती स्वेच्छेने नाकारत आहे. याबाबत भविष्यात माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.’ बड्या बाबूंनी ते दोनदा वाचलं. “काय भाषा आहे मॅडम! हे जपून ठेवतो, पुढे कामाला येईल.” मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, “पदोन्नती आली होती. भोरला. मी नाही म्हणून दिलं.” तो बूट काढत होता. “बरं,” म्हणाला.

त्या ‘बरं’चं पुढे मी बरंच काही केलं. पहिली एक-दोन वर्षं कुणी विचारलं तर मी सांगायचे, जमलं नसतं. मग सांगायला लागले, ह्यांना आवडलं नसतं. मुलगी पाचवीत जाईपर्यंत वाक्य पक्कं झालं, “ह्यांनी जाऊ दिलं नाही.” संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, डब्याच्या वेळी टेबलावर, मी ते इतक्यांदा सांगितलं की मला त्यात काही गैर वाटेनासं झालं. ऐकणाऱ्याही आपापलं सांगायच्या. कुणाची सासू, कुणाचा दीर. त्यातलं पुष्कळ खरंही होतं. एका बाईचा रुजू होण्याचा आदेश नवऱ्याने फाडून टाकला होता, ते तुकडे तिने डब्याच्या पिशवीतून आणून आम्हाला दाखवले होते. मी तिच्या शेजारी बसून माझी गोष्ट सांगायचे आणि दोन्ही गोष्टी एकाच तोलाच्या वाटायच्या.

मुलगी दहावीत असताना दुसरी यादी आली. तेव्हा तर मी नवं पत्रही लिहिलं नाही. बड्या बाबूंनी माझ्याच पत्राची झेरॉक्स दिली, ती मी उतरवून काढली.

नाकारलं की पुढची काही वर्षं यादीत नाव येत नाही. त्यामुळे तिसरी यादी लागली तेव्हा निवृत्तीला सहाच वर्षं उरली होती, आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेली एक सहकारी माझ्याच यादीत होती. मला जुन्नर आणि तिला दौंड. आठ दिवसांत रुजू होतो म्हणून कळवायचं किंवा नकार द्यायचा. या वेळी नाही म्हटलं असतं तर परत नाव येईपर्यंत मी निवृत्त झालेली असणार होते.

ती सहकारी हिंजवडीची सून. घरची शेतं कंपन्यांच्या इमारतींखाली गेलेली, घर भरलेलं. ती माझ्या टेबलाशी आली.

“मॅडम, तुमचा तो फॉरमॅट द्या ना. आस्थापनेतले बाबू म्हणाले, ओरिजिनल तुमचाच हाय.”

“घरी विचारलंस?”

“त्यात काय विचारायचं? माहितीच हाय काय म्हणतील ते.”

“काय म्हणतील?”

ती हसली. “तुमच्या घरी म्हणाले तेच. तुम्हाला पण सोडलं नव्हतं ना?”

मी उठले आणि तिच्यासाठी पत्र आणायला आस्थापनेत गेले. जुने बडे बाबू कधीच निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी आलेले गृहस्थ पेठेतले आणि तोंडाने तिखट होते. त्यांनी ड्रॉवरमधून झेरॉक्सची झेरॉक्स काढली. नावाच्या जागी पांढरी पट्टी चिकटवलेली, पण अक्षर माझं. “न्या. तुमच्या पत्राला आता पिढ्या झाल्या. पुढच्या वेळेपासून कॉम्प्युटरवर ठेवतो, म्हणजे आपल्याला हात दुखवून घ्यायला नको. फक्त नाव बदलायचं.”

जिन्यात उभी राहून मी ते वाचलं. एकदा उतरवून काढलं होतं, पण इतक्या वर्षांत सबंध असं कधी वाचलं नव्हतं. ‘स्वेच्छेने’ हा शब्द मला कुणी घालायला सांगितला नव्हता. नुसतं ‘नाकारत आहे’ चाललं असतं. आणि शेवटची ओळ. तक्रार राहणार नाही असं सहीनिशी लिहून दिलं आणि मग तक्रार करण्याचं तेवढं एकच काम मी न चुकता केलं.

पत्र मी तिला त्या दिवशी दिलं नाही. सोमवारी देते म्हटलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. मुलगी नोकरीला बंगळुरात, घरात आम्ही दोघंच. मी विचारलं, “अहो, भोरची पदोन्नती आली होती, तेव्हा तुम्ही मला जा का नाही म्हणालात?”

“तू कुठं विचारलंस? नाही म्हणून दिलं, असं सांगितलंस. कागद देऊन आली होतीस.”

“तरी पण.”

“तरी पण काय?” त्याने एक शेंग मोडली. “खरं सांगू? मला बरंच वाटलं होतं. सकाळी डबा हातात मिळत होता. तू नको म्हणतेयस तर मी कशाला आग्रह करू?”

“म्हणजे तुम्हालाही नकोच होतं.”

“नको होतं असं नाही. गेली असतीस तर कुरकुर केली असती दोन महिने. मग शिकलो असतो पोळ्या.” दुसरी शेंग उचलत तो म्हणाला, “तू हळदीकुंकवाला सांगायचीस, ते मला आत ऐकू यायचं. ह्यांनी जाऊ दिलं नाही म्हणून.”

“मग बोलला का नाहीत?”

“चारचौघींत बायकोला खोटं पाडायचं का?”

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना म्हणून मी मटाराचं भांडं उचलून आत गेले. ओट्याशी उभी राहून आठवत राहिले, त्या दिवशी अकरा ते तीनमध्ये माझ्या मनात नक्की काय होतं? नवरा नव्हता. मुलगीही नव्हती. भोरला मला स्वतंत्र खोली मिळणार होती, समोर वकील येऊन बसणार होते, माझ्या सहीने निर्णय जाणार होते. डेपोत गाड्या धुणाऱ्याची मुलगी तिथे बसली आहे हे लोकांना पहिल्या वाक्यातच कळेल असं मला वाटलं होतं. वडिलांचं ‘आता काही मागू नको’ हाताशी होतं. त्या भीतीला मी समाधान म्हणत आले, आणि समाधान लोकांना पटेना तेव्हा नवऱ्याचं नाव पुढे केलं. नवऱ्याचं काही चुकलं नाही असं मी म्हणत नाही. माझ्या नकाराने त्याची सोय झाली होती. पण सही माझी होती.

सोमवारी मी जुन्नरला रुजू होत असल्याचं दोन ओळींत लिहून दिलं. पेठेतल्या बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. “मॅडम, चुकून दुसरा कागद दिलात का?”

“नाही, हाच.”

सहकारिणीला मी कोरा कागद दिला. ती गोंधळली. “मॅडम, फॉरमॅट?”

“नाही म्हणायचं तर म्हण. पण तुझं कारण तू लिही.”

ती जेवायच्या सुट्टीभर पेन घेऊन बसली. मग कागद दाखवायला आली. लिहिलं होतं, ‘माझे बाळ नऊ महिन्यांचे आहे. मला अजून एक-दोन वर्षे त्याच्याजवळ राहायचे आहे.’

“घरचे तर जा म्हणाले,” ती म्हणाली. “काल विचारलं. सासूबाई म्हणाल्या, मी बघते पोराला. मलाच नकोय, मॅडम. असं लिहिलं तर चालंल का?”

“चालेल की.”

“आणि ती तक्रारीची ओळ? टाकू?”

“टाकलीस तर पाळावी लागेल.”

तिने थोडा विचार केला आणि ओळ टाकली. माझ्या माहितीप्रमाणे ती आजवर पाळतेय.

जुन्नरला मी एक खोली घेतली. शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. पहिल्या सुनावणीला माझा आवाज इतका बारीक निघाला की वकिलांनी दोनदा विचारलं, काय म्हणालात? तिसऱ्यांदा मी मोठ्याने सांगितलं. तिथे पहिल्या वाक्यात कुणाला काही कळलं नाही, आणि कळलं असतं तरी त्यांचं काही अडलं नसतं. वडील तोवर राहिले नव्हते. खुर्ची मात्र मी पहिल्या दिवशी हाताने दाबून पाहिली.

त्या संक्रांतीला रविवार धरून घरी हळदीकुंकू केलं. शेजारच्या काकू वाण घेता घेता म्हणाल्या, “सोडलं म्हणायचं का शेवटी यजमानांनी?”

आत चहा गाळल्याचा आवाज येत होता.

“त्यांनी कधी अडवलंच नव्हतं, काकू. मीच गेले नव्हते.”

“असं कसं? तुम्हीच तर सांगायचात.”

“हो,” मी म्हटलं, “मीच सांगायचे,” आणि तिळगुळाची वाटी त्यांच्यापुढे केली.